छायाचित्राची साक्ष

(ज्युबिली सप्ताहात आपल्या धर्मग्रामातील श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीचे वर्ष हे उपकारस्तुतीचे वर्ष होय. या सप्ताहात रोज सायंकाळी कोणी ना कोणी वक्त्याने आपणांपुढे श्रद्धेच्या एकेका अंगाचे विवेचन केले आहे. आज माझ्या वाट्यास जो विषय आला आहे तो देवळात बोलावयाचा नव्हे, असे प्रथमदर्शनी कोणास वाटेल. विषय आहे छायाचित्राचा. आणि तेही वर्तमानपत्रांत छापून आलेल्या एका मोडक्या विमानाच्या छायाचित्राचा. परंतु साक्ष कशास म्हणावे, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून किती अनुमान करावे व किती करू नये, हे प्रश्न आठव्या आज्ञेच्या पोटातले आहेत. म्हणून ते देवळाचेही आहेत. प्रथम हकीकत सांगतो. मग तिच्यापासून आपण काय घ्यावयाचे ते पाहू.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात अ‍ॅमेझॉनचे महारण्य पसरलेले आहे. तेथे रस्ते फार थोडे. नदीतील होड्या आणि लहान विमाने हीच बहुधा प्रवासाची साधने. ता. १ मे २०२३ रोजी सकाळी अराराक्वारा या ठिकाणाहून सान होसे देल ग्वाव्हिआरे या शहराकडे सेसना २०६ जातीचे एका इंजिनाचे छोटे विमान निघाले. आत सात माणसे होती: वैमानिक, एक आदिवासी पुढारी, एक माता आणि तिची चार लेकरे. थोरली मुलगी तेरा वर्षांची, दुसरी नऊ वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा चार वर्षांचा, आणि धाकटे बाळ अवघे अकरा महिन्यांचे. ही माता व तिची मुले हुइतोतो नावाच्या आदिवासी जमातीची. वाटेत इंजिनात बिघाड झाल्याचे वैमानिकाने बिनतारी यंत्रावरून कळविले, आणि त्यानंतर विमानाचा ठावठिकाणा राहिला नाही.

दोन आठवडे शोध चालला, तेव्हा कोठे ते विमान सैनिकांच्या हाती लागले. त्याचे छायाचित्र कोलंबियाच्या सैन्याने प्रसिद्ध केले व ते जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. आपणांपैकी काहींनी ते पाहिलेही असेल. उंच झाडांच्या दाटीत विमान नाकावर उभे आहे. शेपूट वर, आणि पुढचा भाग जमिनीवर आदळून चेंदामेंदा झालेला. तेथे तिघा मोठ्या माणसांचे मृतदेह मिळाले. मुलांची आई त्यांतच होती. तिच्या व तिच्या सोबत्यांच्या आत्म्यांस चिरशांती लाभो, एवढी प्रार्थना आपण मनातल्या मनात करू आणि पुढे जाऊ.

ते चित्र पाहून कोणताही समंजस माणूस काय म्हणाला असता? "येथे कोण वाचणार?" असेच म्हणाला असता. जेथे धडधाकट माणसे दगावली तेथे तान्ह्या बाळाची काय कथा! आणि समजा, पडताना जीव राहिला. तरी ज्या रानात जाग्वार फिरतो, विषारी साप वावरतात आणि पाऊस उसंत घेत नाही, तेथे चार अनाथ मुलांचे दोन आठवड्यांनी काय उरणार? छायाचित्राने जणू निकालच देऊन टाकला होता. आता मृतांसाठी मिस्सा अर्पावयाची तेवढी बाकी राहिली, असे कोणासही वाटले असते.

परंतु शोध घेणाऱ्या मंडळींनी छायाचित्रात जे दिसत होते तेवढ्यावरच दृष्टी ठेवली नाही. जे दिसत नव्हते त्याचाही विचार केला. मृतदेह तीनच होते. मुलांपैकी एकाचाही देह तेथे नव्हता. विमानाचा पुढचा भाग चिरडला गेला होता. मागच्या भागास तेवढा मार बसला नव्हता. मग त्यांनी आसपासचे रान पायांखाली घातले. कोठे बाळाची दुधाची बाटली मिळाली, कोठे अर्धवट खाल्लेले फळ, कोठे कात्री व केस बांधावयाच्या फिती, कोठे फांद्यांचा केलेला आडोसा. पुढे चिखलात एक लहान पाऊलही उमटलेले दिसले. या वस्तूंचीही छायाचित्रे निघाली. परंतु मोडक्या विमानापुढे त्या अर्ध्या फळाकडे कोणाचे लक्ष जावे?

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ते विमानाचे छायाचित्र खोटे नव्हते. त्यात कोणी काही मिसळले नव्हते, काही खोडले नव्हते. विमान तसेच पडले होते आणि तसेच दिसत होते. खोटे होते ते आपल्या मनाने त्यावरून काढलेले अनुमान. चित्र म्हणत होते, "विमान मोडले." "मुले मेली" हे शब्द आपण त्याच्या तोंडी घातले.

आता याच्या उलट प्रकार पाहा. त्याच आठवड्यात, ता. १७ मे रोजी, कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्हो पेत्रो यांनी चारही मुले जिवंत सापडल्याचे जाहीर करून टाकले. देशभर आनंदीआनंद झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांना ते निवेदन मागे घ्यावे लागले व झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करावा लागला. कारण बालकल्याणाच्या सरकारी खात्याकडून आलेल्या माहितीस दुजोरा मिळाला नव्हता. मुले अद्याप रानातच होती. ज्या आजीने, ज्या बापाने ती वार्ता ऐकून डोळे पुसले असतील, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना आपण आईबाप आहात, आपणच करा.

म्हणजे एकाच आठवड्यात माणसाच्या मनापुढे दोन मोह उभे राहिले. एक मोह निराशेचा: चित्र पाहिले, संपले, आता शोधावयाचे काय? दुसरा मोह उतावळ्या आनंदाचा: वार्ता ऐकली, झाले, आता शोधावयाचे कशाला? दोन्ही मोहांचा शेवट एकच, आणि तो म्हणजे घरी बसणे. ज्यांनी या दोन्ही मोहांस दाद दिली नाही ते पुन्हा रानात शिरले. पाहा, शंका दोघांनीही घेतलेली असू शकते. परंतु शंका घेऊन घरी बसणारा एक, आणि शंका घेऊन रानात जाणारा एक. दुसऱ्याच्याच शंकेला प्रेमाचे पाय असतात.

शोध कसा चालला तेही थोडक्यात सांगतो. शंभराहून अधिक सैनिक आणि रानाची नस ओळखणारे अनेक आदिवासी असे मिळून कामास लागले. या मोहिमेस त्यांनी 'आशा' असेच नाव दिले होते. झाडी इतकी गर्द, की वीस मीटरांपलीकडचे दिसणे कठीण. हेलिकॉप्टरांतून खाद्यपदार्थांच्या पिशव्या व सूचनापत्रके टाकण्यात आली. आणि एक गोष्ट अशी केली की, ती ऐकून माझे मन भरून आले. त्या मुलांच्या आजीचा आवाज मुद्रित करून घेतला व हेलिकॉप्टरावर मोठा कर्णा लावून तो रानावर ऐकविला. घरच्या हुइतोतो भाषेत आजी सांगत होती की, तुम्हांस शोधीत आहेत, पुढे चालू नका, एका जागी थांबा. मुले दिसत नव्हती. परंतु ती ऐकत असतील, या भरवशावर ती माउली बोलत होती. आपण मृतांसाठी व दूरदेशी गेलेल्यांसाठी प्रार्थना करतो तेव्हा याहून वेगळे काय करतो?

शोधकांची चाल एकंदर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक झाली. एकदोन वेळा तर ते मुलांपासून वीस ते पन्नास मीटरांच्या अंतरावरून निघून गेले होते, असे मागाहून मोहिमेच्या प्रमुखांनी सांगितले. इतके जवळ, आणि तरी दिसली नाहीत! दिसत नाही म्हणून नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे अंतर लक्षात ठेवावे.

अखेर ता. ९ जून रोजी, म्हणजे अपघाताच्या चाळिसाव्या दिवशी, विमानापासून सुमारे पाच किलोमीटरांवर चारही मुले जिवंत मिळाली. बाळाचा पहिला वाढदिवस रानातच होऊन गेला होता, आणि चार वर्षांचा मुलगा पाच वर्षांचा झाला होता. मूल जिवंत मिळाल्यास बिनतारी यंत्रावर कोणता शब्द उच्चारावयाचा हे सैन्याने आधीच ठरविले होते. तो शब्द होता 'चमत्कार'. त्या दिवशी यंत्रावर तो शब्द चार वेळा ऐकू आला: चमत्कार, चमत्कार, चमत्कार, चमत्कार.

मुले जगली कशी? विमानात कसाव्याच्या पिठाची पिशवी होती. आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा काढतात, त्याच कंदाचे हे भरड पीठ. तिकडच्या आदिवासींचे ते रोजचे अन्न. काही दिवस मुलांनी ते पुरवून खाल्ले. ते संपल्यावर रानातील फळे व बिया यांवर दिवस काढले. कोणते फळ खावे व कोणते खाऊ नये, हे ज्ञान त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळालेले होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती तेरा वर्षांची मुलगी. तिने धाकट्यांस सोडले नाही. आई गेली असता ती आई झाली.

कोणी विचारील, हा चमत्कार खरा का? माझे उत्तर असे की, ख्रिस्तसभा हा शब्द घाईने उच्चारीत नाही. लूर्द येथे १८५८ साली पवित्र मरियेचे दर्शन झाले. तेथे बरे झालेल्या रोग्यांची वैद्यकीय तपासणी करणारी कचेरी १८८३ पासून चालू आहे. हजारो रोग्यांनी आपली प्रकरणे तेथे मांडली. त्यांपैकी चमत्कार म्हणून मान्य झालेली सत्तरीच्या घरातच आहेत. यावरून आपण शिकावे की, शंका घेणे व तपास करणे हा देवाचा अपमान नव्हे. कोलंबियाच्या त्या मुलांविषयी मी इतकेच म्हणेन: देवाने आजीच्या शिकवणुकीच्या, बहिणीच्या मायेच्या आणि शोधकांच्या चिकाटीच्या हातांनी आपले काम केले. कृपा ही निसर्गास मोडून टाकीत नाही, त्यास पूर्णत्वास नेते, असे आम्हांस सेमिनरीत संत थॉमस अक्विनास यांच्या आधारे शिकविले गेले. त्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. मुले मिळाल्यावर त्यांची छायाचित्रे निघाली. त्यांत गणवेशातील सैनिक ठळकपणे दिसतात. सैनिकांनी अपार कष्ट केले यात संशय नाही. परंतु मुलांपाशी प्रथम जे पोहोचले ते रानातले आदिवासी स्वयंसेवक होते. आणि त्या चाळीस दिवसांचे, म्हणजे ज्या काळात खरी कसोटी लागली त्या काळाचे, मुलांचे छायाचित्र आपल्यापुढे नाही.  शोधपथकातील विल्सन नावाचा एक कुत्रा रानात हरवला. तो काही काळ आपल्या सोबतीस होता असे मुलांनी सांगितले. इस्पितळात असताना त्यांनी त्याचे चित्र कागदावर काढले. कुत्रा पुढे मिळाला नाही. त्या सोबतीची साक्ष म्हणजे मुलांच्या हातचे ते रेखाटन, एवढीच. मोठमोठ्या यंत्रांनी जे टिपले नाही ते एका मुलाच्या रंगीत कांडीने सांगितले.

आता ही हकीकत मनात ठेवून शुभवर्तमानाकडे वळू. पुनरुत्थानाच्या दिवशी भल्या पहाटे, अंधार असतानाच, मग्दालेची मरिया कबरेपाशी गेली. तिने काय पाहिले? कबरेवरची धोंड बाजूस सारलेली पाहिली. हे तिचे पाहणे अगदी खरे होते. त्यावरून तिने काय ताडले? कोणी तरी प्रभूचा देह काढून नेला. हे ताडणे चुकीचे होते. तिच्याजवळ त्या वेळी छायाचित्र काढण्याचे यंत्र असते तर तिने धोंडेचे चित्र काढून शिष्यांस दाखविले असते, आणि तेही म्हणाले असते, "होय, देह नेला." चित्र खरे, आणि त्याखाली लिहिलेले वाक्य खोटे! परंतु मरियेचा मोठेपणा यात आहे की, ती तेथून हलली नाही. रडत का होईना, ती जवळ राहिली. प्रभू समोर उभा राहिला तेव्हा तिच्या डोळ्यांनी त्यास ओळखले नाही. तिला तो माळी वाटला. त्याने तिचे नाव घेऊन हाक मारली तेव्हा तिने ओळखले. डोळे जेथे चुकले तेथे ओळखीच्या आवाजाने वाट दाखविली. त्या रानावरून फिरणारा आजीचा आवाज मला येथे आठवतो.

आणि संत थॉमस! या प्रेषिताने आपल्या भारतभूमीत येऊन शुभवर्तमान सांगितले व मैलापूर येथे रक्त सांडले अशी परंपरा आहे. त्यास जग 'संशयी थॉमस' म्हणते. मला हे नाव अपुरे वाटते. त्याने शंका घेतली हे खरे. परंतु शंका घेऊन तो निघून गेला नाही. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा जमले तेव्हा तो त्यांच्यातच होता. आणि त्याने मागितले तरी काय? दुरून दर्शन मागितले नाही. जखमांस हात लावावयास मागितले. तो म्हणत होता, मला जवळ येऊ द्या. प्रभूने त्यास प्रेमाने समज दिली, न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांस धन्य म्हटले. परंतु त्यास दूर लोटले नाही. ज्या शंकेचे पाय जखमेकडे वळतात ती शंका प्रभू सहन करतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. पूर्वी छायाचित्र काढणे हे मोजक्या लोकांचे काम होते; आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पूर्वी चित्रात फेरफार करणे कसब होते. आज संगणकाची कृत्रिम बुद्धी मुळात नसलेले चित्र क्षणात उभे करते. २०२३ च्या मार्च महिन्यात, म्हणजे या अपघाताच्या थोडेच आधी, पोप फ्रान्सिस यांनी पांढरा फुगीर थंडीचा कोट घातल्याचे चित्र जगभर पसरले. ते सर्वस्वी बनावट होते. पोप महाशयांनी तसा कोट घातला नव्हता. तरी लाखो लोकांस ते खरे वाटले. पुढे २०२४ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात त्यांनी अशा बनावट चित्रांविषयी सावध केले, आणि आपणही त्यांस बळी पडलो असल्याचे नमूद केले. ता. २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभूघरी गेले. त्यांचा तो इशारा आपल्यापाशी राहिला आहे.

परंतु प्रत्येक चित्र बनावटच असते असे मानणे हाही अन्यायच. तुरीन शहरात जे पवित्र कफन जतन केलेले आहे, त्याचे पहिले छायाचित्र १८९८ साली सेकोंदो पिया नावाच्या एका वकिलाने काढले. काच धुऊन पाहतो तो तिच्यावर एका पुरुषाचा चेहरा स्पष्ट उमटलेला! पियाने काही लबाडी केली असावी असा आरोप लोकांनी त्याच्यावर केला. १९३१ साली जुझेप्पे एन्रिये याने पुन्हा छायाचित्रे काढली, तेव्हाही चेहरा तसाच उमटला व पिया निर्दोष ठरला. तोवर तेहेतीस वर्षे लोटली होती. ते वस्त्र किती जुने हा प्रश्न निराळा. १९८८ सालच्या तपासणीत ते १२६० ते १३९० या काळातले असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि त्यावर वाद झाला. ख्रिस्तसभेने त्या वस्त्राचा आदर राखला, परंतु त्यास श्रद्धेचे कलम केले नाही. माझा मुद्दा पियापुरता आहे. एका प्रामाणिक माणसाने खरे चित्र दाखविले आणि तेहेतीस वर्षे त्याच्या नावावर डाग राहिला. आंधळा विश्वास जसा पाप घडवितो तशीच आंधळी शंकाही घडविते.

हे सारे कोलंबियात आणि इटलीत घडले. आपल्या वाडीचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सणाच्या संध्याकाळी एक तरुण रस्त्याच्या कडेला पडलेला आढळला. मागे दारूचे दुकान होते. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणी तरी त्याचे छायाचित्र काढले आणि ते मोबाईलवरून घरोघर गेले. चित्र खरे होते: तरुण खरा, रस्ता खरा, दुकान खरे. चित्रासोबत चार शब्द गेले: "सणाच्या दिवशीही शुद्ध नाही." त्या गर्दीत बाजार आटोपून घरी निघालेली एक कोळीण होती. तिने पाटी खाली ठेवली, वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला, आणि ओरडून सांगितले, "अरे, हा प्यायलेला नाही, हा आजारी आहे!" रिक्षा बोलावून तिने त्यास दवाखान्यात नेले. त्यास मधुमेह होता. रक्तातील साखर एकाएकी उतरून तो कोसळला होता. आणखी थोडा उशीर होता तर मजवर त्याची अंत्यविधीची मिस्सा सांगण्याची पाळी आली असती.

तरुण वाचला. परंतु ते चित्र थांबले नाही. त्याचे लग्न ठरत आले होते; मुलीकडच्यांनी बोलणी थांबविली. खरी हकीकत कळल्यावरही ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" ज्यांनी चित्र पुढे धाडले त्यांपैकी पुष्कळजण रविवारी मिस्सेस येणारे होते. त्यांनी खोटे बोलल्याचे पाप केले असे कोणास वाटले नाही. त्यांनी तर एक खरे चित्र पुढे पाठविले होते! बंधुभगिनींनो, येथेच धोका आहे. खोटी साक्ष देण्यास खोटे चित्र लागत नाही. खरे चित्र आणि चार उतावळे शब्द पुरेसे होतात.

चित्र काढणारा त्या तरुणापासून चार पावलांवर उभा होता, आणि कोळीणही तितक्याच अंतरावर होती. एक तेथूनच पाहून निघून गेला, दुसरी वाकली. चांगल्या शमरोनीच्या दाखल्यात याजकाने व लेवीनेही जखमी माणूस पाहिला होता. त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. दोष होता तो बाजूने निघून जाण्यात.

मग आपण काय करावे? संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'च्या आरंभीच असा नियम घालून दिला आहे की, दुसऱ्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ घेण्यास ख्रिस्ती माणसाने तत्पर असावे. अर्थ लागत नसेल तर त्यासच विचारावे. हा नियम बोलण्यास जसा लागू तसा चित्रासही लागू आहे. म्हणून तीन गोष्टी आपणांस सुचवितो. पहिली: चित्र हाती आले असता स्वतःस विचारावे, हे कोणी काढले, केव्हा काढले, आणि चौकटीच्या बाहेर काय आहे? दुसरी: ज्याचे चित्र आहे तो माणूस आपल्या वाडीतला असेल, तर चित्र पुढे धाडण्यापूर्वी त्याच्या दारी जावे, निदान दूरध्वनी करावा. तिसरी: यांपैकी काहीच शक्य नसेल तर ते चित्र आपल्यापाशीच थांबू द्यावे, आणि त्या माणसासाठी एक 'नमो मरिया' म्हणावी. प्रार्थना कोणाचे नाव बुडवीत नाही.

शेवटी आपल्या ज्युबिलीविषयी दोन शब्द. स्मरणिका समिती जुनी छायाचित्रे गोळा करीत आहे व ती घरोघरच्या पेट्यांतून बाहेर निघत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांत देवळापुढे ओळीने बसलेले धर्मगुरू दिसतील, फेटे बांधलेले पंच दिसतील, बॅन्डवाले दिसतील. परंतु चौकटीत जे मावले नाहीत त्यांचाही विचार करा. बांधकामाच्या वेळी डोक्यावरून रेती व पाणी वाहणाऱ्या बाया त्या चित्रांत बहुधा नसतील. विहिरीवरून येऊन वेदीवरची वस्त्रे धुणाऱ्या, पहाटेची घंटा वाजविणाऱ्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसून रोझरी म्हणणाऱ्या माणसांचे चित्र कोणी काढले? म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक चित्र समितीकडे देण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसापुढे धरावे व विचारावे: यात कोण आहे, आणि यात असावयास हवे होते असे कोण नाही? जी नावे मिळतील ती चित्राखाली लिहून द्यावीत. वृद्ध माणसे आज आपल्यात आहेत. उद्या त्यांची वाट पाहून भागणार नाही.

कोलंबियाच्या रानात चार मुले जिवंत राहिली हे त्या मोडक्या विमानाच्या छायाचित्रावरून कोणास कळले नसते. ते कळले चालून गेलेल्यांना, हाक मारलेल्यांना आणि पुन्हापुन्हा परत गेलेल्यांना. आपल्याही धर्मग्रामात कोणी तरी असा असेल, ज्याच्या आयुष्याचे विमान नाकावर उभे आहे, आणि त्याचे चित्र पाहून आपण सर्वांनी निकाल देऊन टाकला आहे. कोणी व्यसनात पडलेला, कोणी घर सोडून गेलेला, कोणी वर्षानुवर्षे देवळाची पायरी न चढलेला. त्याच्याकडे जावयास अजून वेळ आहे. ज्युबिली संपण्यापूर्वी प्रत्येक घराने अशा एकाच्या दारी जावे, त्याचे नाव घेऊन हाक मारावी, आणि पहिल्या दिवशी उत्तर न आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

हरवलेल्या मेंढरामागे स्वतः निघणारा उत्तम मेंढपाळ आपणांस तशी दृष्टी आणि तशी चिकाटी देवो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना. आमेन.